घरी भुताखेतांची चॉकलेटं करताना पांढऱ्या चॉकलेटच्या गुठळ्या का होतात?

तुम्ही लिहिलंय की मुलांच्या हॅलोवीनसाठी पांढरं चॉकलेट वितळवलं, त्यात लाल रंग घातला आणि सगळं घट्ट होऊन त्याच्या गुठळ्या झाल्या. तो रंग पाण्यातला असणार. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब गेले तरी आतली साखर ओली होते, तिचे कण एकमेकांना चिकटतात आणि चॉकलेट आवळून येतं. म्हणून तेलातला रंग किंवा कोरडी पूड वापरा. वाटी, चमचा, सगळं कोरडंठाक हवं. डबल बॉयलरची, म्हणजे चॉकलेटच्या वाटीखालच्या उकळत्या पाण्याच्या भांड्याची, वाफसुद्धा नडते. बिघडलेलं मिश्रण मात्र टाकू नका. त्यात गरम क्रीम घालून ढवळलं की छान गनाश, म्हणजे चॉकलेट-क्रीमचं मऊ मिश्रण, होतं.

आणखी एक अडचण येईल. पांढऱ्या चॉकलेटमध्ये लाल रंग घातला की ते आधी गुलाबी होतं. रक्तासारखं लाल व्हायला इतका रंग लागतो की चव कडवट होते. मी रक्तासाठी घट्ट स्ट्रॉबेरी जॅम वापरते, तोही वाढायच्या वेळी. बाकी सगळं काळ्या-पांढऱ्यात. मला तेच जास्त भयाण वाटतं.

कोळ्याचं जाळं सगळ्यात सोपं. बटर पेपरवर डार्क चॉकलेटची गोल चकती पसरा, ती ओली असतानाच कागदाच्या टोकदार पुडीने पांढऱ्या चॉकलेटची एकात एक वर्तुळं काढा आणि टूथपिक मधून कडेकडे ओढत न्या. दोन्ही चॉकलेटं पातळ असतील तरच रेघ सुबक ओढली जाते, म्हणून एका वेळी दोन-तीनच चकत्या घ्या.

भुताचं उलटं. चमचाभर पांढरं चॉकलेट कागदावर सोडून चमच्याच्या पाठीने खाली ओढा, म्हणजे शेपूट येतं. ते पूर्ण घट्ट झाल्यावरच डोळे काढा, नाहीतर पसरतात. एक डोळा मोठा आणि एक बारीक काढा, तोंड लांबट उघडं. मी सुरुवातीला डोळे अगदी सारखे, नीटनेटके काढायचे, तेव्हा भुतं गोंडस दिसायची. ममीसाठी, म्हणजे पट्ट्यांत गुंडाळलेल्या इजिप्तमधल्या प्रेतासाठी, बिस्किटावर आधी दोन ठिपके देऊन, ते वाळल्यावर पांढऱ्या चॉकलेटच्या पट्ट्या आडव्यातिडव्या सोडा, डोळे अर्धवट झाकले जातील अशा.

आता चकाकीबद्दल, कारण फिक्कट डागांचं चॉकलेट जुनं वाटतं. कोको बटर असलेलं चॉकलेट टेम्पर करावंच लागतं, म्हणजे वितळवून, थंड करून परत थोडं गरम करावं लागतं. डार्क साधारण ४५ अंश सेल्सिअसपर्यंत वितळवा, ढवळत २७-२८ वर आणा, मग परत ३१-३२ वर न्या. पांढऱ्याचं काम २८-२९ वर करा. थर्मामीटर नसेल तर सरळ कंपाउंड चॉकलेट घ्या. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते, त्यामुळे टेम्परिंग लागत नाही. चव थोडी मेणचट लागते, पण मुलांसोबत पहिल्यांदा करताना मी तेच घेईन, कारण त्यांना थांबायला सांगणं कठीण असतं.

तयार चॉकलेटं फ्रिजमध्ये ठेवलीच, तर हवाबंद डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. नाहीतर त्यावर पाणी धरतं आणि जाळ्यावर पांढुरके डाग उमटतात.