मोजणी झाल्याशिवाय सही करू नकोस

अगं,

दुसऱ्या ऑपरेटरकडून घेतलेल्या लाइनच्या हँडओव्हरबद्दलचा तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. जागाच होतो, पण उत्तर मुद्दाम दिलं नाही, तेव्हा दिलं असतं तर चिडून दिलं असतं. "लिंक अप आहे, पिंग जातंय, महिनाअखेर आहे, बिलिंग चालू करायचंय म्हणून सही मागतायत, करू का" हे एका दमात, आणि खाली लगेच "तसंही लेयर टूमध्ये काय राहिलंय काका, सगळे क्लाउडकडे चाललेत." लेयर टू म्हणजे आपलं हेच काम, इथरनेटच्या फ्रेम, डेटाचे गठ्ठे, इथून तिथे पोचवणं. तुला हे दोन वेगळे प्रश्न वाटतायत. मला एकच वाटतो, का ते पुढे येईलच.

सही करू नकोस. मोजणी झाल्याशिवाय सही नाही.

मोजणी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. माझ्या वडलांचं आणि चुलत्यांचं बांधावरून अकरा वर्षं बोलणं बंद होतं, बांध कोणी कोरला यावरून. लग्नकार्यातसुद्धा एक पंगतीच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. शेवटी सरकारी मोजणी आणली, खुणा रोवल्या, तेव्हा कळलं की थोडं थोडं दोघांचंही चुकत होतं. ईएनएनआय, दोन ऑपरेटरांची नेटवर्कं जिथे जोडतात तो सांधा, म्हणजे दुसरं काय आहे गं? आपलं रान इथपर्यंत, त्यांचं तिथून पुढे, आणि मधे एका पोर्टावर बांध. तू त्या बांधावर उभी आहेस आणि तुला सांगतायत की खुणा नंतर रोवू, आधी सातबाऱ्यावर सही कर.

आता तुझं ते "लास्ट माईलचं खातं म्हणजे अडगळ" वगैरे, लास्ट माईल म्हणजे कस्टमरच्या दारापर्यंतचा शेवटचा तुकडा. कोणी भरवलं हे तुझ्या डोक्यात? मी लागलो तेव्हा दोन एमबीचा ई-वन, सेकंदाला दोन मेगाबिटची लाइन, म्हणजे मोठी गोष्ट होती. कस्टमरला दहा एमबी हवे असले की एसडीएचवर, इथरनेटच्या आधीच्या फायबर यंत्रणेवर, पाच व्हीसी-१२, म्हणजे ई-वनएवढे कप्पे, एकत्र बांधायचे, शंभर हवे तर ४६, आणि प्रत्येक वाढीला नवी ऑर्डर, नवं क्रॉस-कनेक्ट, डीडीएफवर, वायरी जोडायच्या रॅकवर, जाऊन क्रोनच्या पट्टीत वायर ठोकणं, कधी कधी डबाच बदलणं. इथरनेट आलं आणि तोच पोर्ट, तीच फायबर, दहाचे पन्नास करायला प्रोफाइल बदललं की झालं. पोर्टाच्या मर्यादेपर्यंत जागेवर माणूस पाठवायचीच गरज नाही. ही सर्व्हिस वाढली ती या साध्या सोयीमुळे, कुठल्या प्रेझेंटेशनमुळे नाही. मग २०१० ला थ्रीजीचा लिलाव झाला, पाठोपाठ फोरजी, आणि ज्या टॉवरचं एका-दोन ई-वनवर भागायचं तो एकदम भस्म्या झाल्यासारखा बँडविड्थ खायला लागला. (त्यात एक गंमत, ई-वनसोबत क्लॉक, टॉवरला लागणारा अचूक ठोका, फुकट यायचं, साध्या इथरनेटवर येत नाही, म्हणून मग तो पोचवायची तंत्रं, सिंक-ई आणि पीटीपी, शिकावी लागली, ती रात्रपाळी वेगळीच, कधीतरी सांगेन.)

आणि मुख्य गोष्ट म्हणजे कुठल्याच ऑपरेटरची फायबर प्रत्येक बिल्डिंगपर्यंत जात नाही. कितीही मोठा असू दे. मुंबईत रिंगच्या रिंगा टाकलेला ऑपरेटर चाकणच्या एखाद्या शेडपर्यंत पोचायला दुसऱ्याचा तुकडा घेतोच, रस्ता खोदायच्या परवानग्या, सोसायटीची एनओसी हे सगळं परत कोण करणार? पूर्वी असा तुकडा घेताना दर वेळी नव्याने वाटाघाटी, फ्रेमला टॅग, म्हणजे ओळखचिठ्ठी, कुठला लावायचा, प्रायॉरिटी कशी मॅप करायची, फॉल्ट कोणी शोधायचा. एमईएफने, कॅरियर इथरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, २०१० मध्ये ईएनएनआयचं स्पेसिफिकेशन काढलं, एमईएफ २६, २०१२ मध्ये एमईएफ ३३ आलं आणि त्याच वर्षी कॅरियर इथरनेट २.० मध्ये ई-लाइन, ई-लॅन, ई-ट्री या सर्व्हिसच्या जोडीला ई-ॲक्सेस बसली. म्हणजे दुसऱ्याला तुकडा विकणं ही स्वतंत्र, नाव असलेली सर्व्हिस झाली. तुझं अख्खं खातं त्यावर उभं आहे, आणि तू त्याला अडगळ म्हणतेस.

यातला पहिला कागद, एमईएफ २६, मी वेळेवर वाचला असता तर पुढचं लिहायची वेळ आली नसती.

२०११, मार्चअखेर. चाकणकडची एक फॅक्टरी, हेड ऑफिस मुंबईत, शेवटचा तुकडा दुसऱ्या ऑपरेटरचा. लिंक अप. लॅपटॉपवरून पिंग मारला, पलीकडे कोणी आहे का विचारणारी छोटी हाक, विंडोजचा साधा पिंग, ३२ बाइटचा, एकही ड्रॉप नाही. मी सही केली. तीस तारीख होती, सगळे खूश, कोणीतरी वडापाव आणले. दुसऱ्या दिवशी कस्टमरचा फोन, ईआरपीचं लॉगिन पेज उघडतं, पासवर्ड टाकला की चक्र फिरत बसतं. पिंग? पिंग जातोय. मग प्रॉब्लेम तुमच्या सर्व्हरचा असेल. त्यांनी सर्व्हर बघितला. मग तुमच्या फायरवॉलचा असेल. तोही बघितला. १९ दिवस चाललं हे. मधे आम्ही एसएफपी, पोर्टात बसणारे फायबरचे मॉड्यूल, दोनदा बदलले, आणि स्प्लायसिंग, म्हणजे फायबरची जोडणी, करणाऱ्या कंत्राटदाराच्या पोराला रात्री दीड वाजता भर पावसात, अवकाळी होता तो, चेंबरमधे उतरवलं. त्याने फायबरमधला दोष शोधणाऱ्या ओटीडीआरचा ट्रेस दाखवला, स्वच्छ होता. मी म्हणालो, परत कर. त्याने परत केलं. तिसऱ्या वेळी मी मेलमधे लिहिलं, "पुअर स्प्लायसिंग सस्पेक्टेड." कंत्राटदाराला दंड लागला आणि त्या पोराला काढलं.

कस्टमर दोन साइट्समधे स्वतःचे व्हीलॅन टॅग लावून फ्रेम पाठवत होता. १५१८ ची पूर्ण फ्रेम, त्यात त्याच्या टॅगचे ४ बाइट, वर बांधावर ऑपरेटर लावतो त्या एस-टॅगचे ४, झाले १५२६. आणि मधल्या एका स्विचला मर्यादा होती १५२२. छोट्या फ्रेम सगळ्या जातात, भरलेली फ्रेम आली की गपचूप गायब. स्विच तो, राउटर नाही, तो परत कोणाला कळवतही नाही की बाबा मोठी होती म्हणून टाकली. फक्त पोर्टवरचा ओव्हरसाइजचा काउंटर वाढत राहतो, जो १९ दिवसांत एकाही माणसाने उघडून पाहिला नव्हता. आणि तो स्विच आमचा होता. बांधाच्या अलीकडचा. एमईएफ २६ मधे तेव्हा ऑलरेडी लिहिलेलं होतं की ईएनएनआयवर किमान १५२६ हवेत, जमल्यास २०००. वर्षभर आधीचा कागद.

एक ओळ कॉन्फिग. चार मिनिटं. मी त्या पोराला नंतर फोन केला, नंबर बंद लागला, आणि खरं सांगायचं तर लागला नाही याचं मला त्या वेळी बरंच वाटलं. ते अजून जात नाही डोक्यातून.

म्हणून परत सांगतो, मोजणी झाल्याशिवाय सही नाही. पिंग म्हणजे मोजणी नव्हे. हिरवा दिवा म्हणजे तर नव्हेच, तो फक्त सांगतो की दोन पेट्या एकमेकींना ओळखतात. तू वाय.१५६४, सर्व्हिस तपासायची टेस्ट, चालव. आरएफसी २५४४ चा रिपोर्ट दाखवून तुला गप्प करतील, ते १९९९ चं लॅबमधल्या डब्यासाठीचं टेस्टिंग आहे, सर्व्हिससाठी नाही. फ्रेम साइज ६४ पासून कस्टमरच्या सगळ्यात मोठ्यापर्यंत, त्याचे टॅग लावून, विचार त्याला काय लावतो ते, लाज वाटते का विचारायला? सीआयआरपर्यंत, म्हणजे कबूल केलेल्या वेगापर्यंत, एकही फ्रेम गळता कामा नये. मग त्याच्या वर जास्त लोड टाक आणि कापतंय का बघ. कापत नसेल तर खूश होऊ नकोस, ते पण चूकच आहे, कुठेतरी पोलिसर, जास्तीचं कापणारा, बसलेलाच नाही आणि उद्या कोणीतरी बसवेल तेव्हा कस्टमर म्हणेल कालपर्यंत छान चालत होतं. व्हॉइसची प्रायॉरिटी ५ पाठव, पलीकडे ५ च निघते का बघ, मी ती शून्य होऊन निघालेली पाहिलीय. समोर माणूस नसेल तर त्यांच्या एनआयडीवर, कस्टमरकडच्या त्यांच्या डब्यावर, लूप, म्हणजे फ्रेम परत फिरवणं, मागून घे, पण मॅक, म्हणजे फ्रेमवरचे पत्ते, अदलाबदल करणारा लूप माग, साधा टाकलास तर स्विचला एकच मॅक दोन्हीकडून दिसतो आणि तुझी रात्र जाते. पंधरा मिनिटांचा रन पुरेसा आहे असं म्हणतील. कमीत कमी दोन तास. वेळ नाही म्हणाले तर म्हण माझ्याकडे आहे.

हो, माहितीये, हे तुला शिकवलंय ट्रेनिंगमधे. तुला येत नाही असं मी म्हणतच नाहीये. येतं आणि तरी सही करायला निघाली होतीस याचा मला राग आहे.

तू म्हणशील तुमचं काय झालं एवढी मोजणी करून. २०११ नंतर मी तीनदा सही अडवली. एकदा बरोबर निघालो, एकदा सर्किट अगदी ठणठणीत निघालं आणि मी महिन्याचं टार्गेट बुडवल्याचं माझ्या अप्रेझलमधे आलं, तिसऱ्याचं अजून ठरलेलं नाही, दोन्ही बाजू आपापलं म्हणतात. माझ्या हाताखालचा मुलगा माझा हेड झाला, चांगला आहे तो, माझ्या पाया पडतो दिवाळीला. ऑफिसात मला "मोजणी अधिकारी" म्हणायचे. मला काही वाटत नाही त्याचं. म्हणजे वाटायचं, आता नाही. अडवाअडवी करणारा माणूस असं नाव पडलं तरी माझ्या सहीच्या सर्किटला नेटवर्क कंट्रोल रूममधली पोरं हात लावायच्या आधी दुसरीकडे शोधायची, हे कुठल्या अप्रेझलमधे येत नाही पण होतं ते खरं. असो. हे मी तुला पटवतोय का स्वतःला, तुझी काकू म्हणते स्वतःलाच.

क्लाउडचं. जा की, खुशाल जा, मी कोण अडवणार. पण लेयर टू संपलं म्हणून जाऊ नकोस, कारण क्लाउडपर्यंत पोचायलासुद्धा कोणाच्या तरी तुकड्यावरूनच जावं लागतं, तुझं एसडी-वॅन, ते सॉफ्टवेअरने चालवायचं नेटवर्क, काय हवेत चालतं? एलएसओ सोनाटा वगैरे आलंय, एक ऑपरेटर दुसऱ्याकडे पत्ता तपासणं, कोटेशन, ऑर्डर सगळं एपीआयवरून करतो, चांगलंच आहे, आम्ही हे एक्सेल शीट मेलवर फिरवून करायचो आणि एका शीटमधे पिनकोड चुकला म्हणून फायबर भलत्याच गल्लीत गेली होती. पण एपीआयने ऑर्डर केलेल्या तुकड्याला पण बांध असतोच, आणि फ्रेम साइजच्या रकान्यात कोणीतरी १५२२ भरतोच. तिथे जाऊन काय शिकायचं ते शीक, पण सही न मोजता करायची सवय इथून घेऊन गेलीस तर तिथेही तेच करशील, फक्त पडद्यावरचे रंग वेगळे असतील. मी म्हणालो ना, प्रश्न एकच आहे.

आज काय करायचं ते ऐक. मॅनेजरशी भांडू नकोस, तो पण कोणाच्या तरी महिनाअखेरीत अडकलाय. मेल टाक, चार ओळी, "टेस्ट रिपोर्ट आल्यावर त्याच दिवशी सही करते", त्यांच्या डिलिव्हरीवाल्याला सीसीमधे घे, आणि टेस्टर मिळत नाही म्हणाले तर माझा जुना आहे. बॅटरी मेलीय, चार्जर लावूनच चालतो, पण एक जीबीपर्यंत खरं सांगतो. उद्या सकाळी येऊन घेऊन जा, दहाच्या आत, नंतर मला बँकेत जायचंय.

आणि हँडओव्हर फॉर्मच्या दुसऱ्या पानाचा फोटो पाठव, जिथे एस-टॅग आणि फ्रेम साइज लिहितात ते पान. कोरं असेल तर तसंच पाठव.

काका