बाउंडरी वॉटर्समधील जुन्या मोजणीच्या खुणा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून, बाउंडरी वॉटर्स हे सुमारे ११ लाख एकरांचे संरक्षित अरण्य आहे. १९६४ च्या अरण्य कायद्याने आणि पुढे १९७८ च्या स्वतंत्र कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. येथे हजाराहून अधिक तळी आहेत, बहुतेक तळ्यांवर मोटारबोटीला मनाई आहे, आणि एका तळ्यातून दुसऱ्यात जायचे तर कनू, म्हणजे वल्ह्याची हलकी होडी, खांद्यावर घेऊन पायवाट तुडवावी लागते. या वाटेला पोर्टेज म्हणतात. या झाडीत जुन्या सरकारी मोजणीच्या खुणा शोधण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही दर उन्हाळ्यात तेथे कनू घेऊन जातो. नकाशावर तळ्यांना आणि डोंगरांना न जुमानता गेलेल्या सरळ रेषांचे चौकोन दिसतात. त्या रेषा जेथे मिळतात तेथे जमिनीवर खरोखर काही असते का? (मिनीॲपोलिस)

असते, किंवा निदान एके काळी होते. १७८५ च्या जमीन अध्यादेशापासून अमेरिकेत सार्वजनिक जमिनीची विक्री करण्याआधी तिची चौकोनी मोजणी करण्याची पद्धत सुरू झाली. सहा मैल बाजूच्या चौकोनाला टाउनशिप म्हणतात. त्याचे एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, ३६ सेक्शन पाडले जातात. प्रत्येक सेक्शनच्या कोपऱ्यावर, दोन कोपऱ्यांच्या मधोमध, आणि रेषा एखाद्या मोठ्या तळ्याच्या काठाला भिडते त्या जागी मोजणीदाराने खूण करायची, असा नियम होता. मिनेसोटातील ही मूळ मोजणी १८४८ ते १९०७ या काळात झाली.

मूळ खूण म्हणजे बहुधा लाकडी खुंट असे. सेक्शनच्या कोपऱ्यावरील खुंटाच्या दक्षिण आणि पूर्व कडांवर खाचा पाडलेल्या असत. टाउनशिपची त्या दिशेची हद्द किती मैलांवर आहे, ते खाचांच्या संख्येवरून कळे. असा खुंट आज जागेवर जसाच्या तसा सापडण्याची आशा मी धरत नाही. त्याऐवजी साक्षीची झाडे शोधावीत. कोपऱ्याभोवतालच्या प्रत्येक सेक्शनमधील एक, अशा चार झाडांची साल कोपऱ्याच्या बाजूने सोलून त्यांच्या लाकडावर टाउनशिप, रेंज (टाउनशिपची उभी रांग) आणि सेक्शनचे आकडे कोरले जात. झाड पुढे वाढले की ती जखम बुजते. बाहेरून केवळ एक उभा व्रण दिसतो आणि अक्षरे आत सुरक्षित राहतात.

१९१० पासून लाकडाऐवजी पितळी टोपी बसवलेले लोखंडी खांब वापरात आले. कोपऱ्याची पुन्हा खात्री करून घेतली गेली असेल, तर बहुतेक असाच खांब सापडतो. जवळच्या झाडावर वन विभागाची पत्र्याची पिवळी पाटी असेल, तर तिच्यावरील ३६ घरांची जाळी नीट पाहावी. जाळीत ज्या ठिकाणी खिळा ठोकलेला असतो, ती टाउनशिपमधील तुमची जागा होय.

प्रश्न : मी निवृत्त भूकरमापक आहे. आमच्याकडे टिपणाशिवाय बांधावर पाऊल ठेवत नसत. तेथे मोजणी कशाने झाली, आणि जुनी टिपणे सामान्य माणसाला पाहता येतात का? (सातारा)

आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. खूण आधी कागदावर सापडते आणि मग रानात. हा क्रम उलटा करणारे बहुतेक हात हलवत परत येतात.

मोजणी गुंटर साखळीने होई. ती ६६ फुटांची आणि शंभर कड्यांची असते. मुंबई इलाख्याच्या मोजणीत वापरात असलेली साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. तिचा एक चौरस म्हणजे गुंठा. म्हणजे गुंटर साखळीचा एक चौरस बरोबर चार गुंठ्यांचा होतो आणि असे दहा चौरस मिळून एक एकर भरतो. सेक्शनची बाजू ८० साखळ्यांची असल्याने आपल्याला हे सारे आकडे तोंडी करता येतील. पोर्टेजची लांबी आजही रॉडमध्ये सांगतात आणि चार रॉडची एक साखळी होते, हेही येथे लक्षात ठेवावे.

टिपणे पाहता येतात. मूळ नकाशे आणि मोजणीदारांच्या वह्या यांच्या प्रती सरकारी संग्रहांतून संगणकावर मोफत मिळतात. शिवाय कोपऱ्याची पुन्हा खात्री झाली असेल तर त्याचे प्रमाणपत्र काउंटीच्या, म्हणजे तेथील जिल्ह्याच्या, दप्तरी असते. हे अरण्य कुक, लेक आणि सेंट लुई या तीन काउंट्यांत पसरलेले आहे. वहीत प्रत्येक साक्षीच्या झाडाची जात, इंचांतील व्यास, कोपऱ्यापासूनची दिशा आणि कड्यांतील अंतर लिहिलेले असते. समजा ‘सीडर, ८ इंच, उत्तर ४० अंश पूर्व, २५ कड्या’ अशी नोंद आहे. ते झाड किंवा त्याचा बुंधा सापडला, तर तेथून दक्षिण ४० अंश पश्चिमेला साडेसोळा फूट, म्हणजे सुमारे पाच मीटर, मोजले की कोपऱ्याची जागा येते.

दिशेबाबत एक सावधगिरी हवी. वहीतील दिशा खऱ्या उत्तरेवरून घेतलेल्या असतात, आणि या भागात चुंबकीय लोहखनिज असल्याने साधे होकायंत्र काही ठिकाणी भलतीकडे वळते. गनफ्लिंट परिसरातील एका तळ्याचे नावच मॅग्नेटिक लेक आहे. याच अडचणीसाठी विल्यम ऑस्टिन बर्ट या अमेरिकन मोजणीदाराने सूर्यावरून दिशा ठरवणारे यंत्र तयार करून १८३६ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. पुढे १८४४ साली मिशिगनमध्ये त्यांच्याच पथकाच्या होकायंत्राची सुई भरकटली आणि तेथील लोहखनिजाचा पत्ता लागला. आपणही एकाच जागेवरून घेतलेल्या दिशेवर विसंबू नये. दहा-वीस पावले सरकून ती पुन्हा पाहावी.

टिपणही चुकते, हे आपल्याला मी सांगायला नको. याच राज्यात, चिप्पेवा राष्ट्रीय वनात, १८८२ च्या मोजणीने १४४ एकरांचे उभे जंगल कॉडिंग्टन तळ्याचा भाग म्हणून दाखवले. नकाशात पाणी असल्याने लाकूडतोड्यांनी तिकडे पाहिले नाही आणि तेथील जुने पाइन वाचले. एवढी उपकारक चूक मोजणीच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

प्रश्न : जीपीएसमध्ये कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश घालून अगदी त्या बिंदूवर पोहोचलो; तेथे झाडोऱ्याशिवाय काहीही नव्हते. (शिकागो)

आपण ज्या बिंदूवर उभे होतात तो बहुधा गणिताने काढलेला होता. दुर्गम भागातील कित्येक कोपऱ्यांवर प्रत्यक्ष उपग्रह मापन झालेले नाही; जुन्या नोंदींवरून आकडेमोड करून नकाशात रेषा बसवलेल्या आहेत, त्यामुळे फरक काही मीटरांपासून त्याच्या कितीतरी पटींपर्यंत असू शकतो. त्या बिंदूला शोधाचा आरंभ मानावे. तेथून टिपणातील भूरूपाच्या नोंदी, उदाहरणार्थ ओढा कोठे ओलांडला, दलदल कोठे लागली, चढ कोठे सुरू झाला, या जुळवत जागा आवळत न्यावी.

झाडे नाहीशी होण्याची कारणेही आहेत. ४ जुलै १९९९ च्या वादळाने या अरण्यात लाखो एकरांवरील झाडे आडवी केली. २००७ ची हॅम लेक आग आणि २०११ ची पगामी क्रीक आग यांनी आणखी बराच टापू जाळला. अशा भागात उभे साक्षीचे झाड शोधण्यात दिवस घालवू नये. पडलेले खोड आणि बुंधे पाहावेत. झाड कापले गेले किंवा मोडले तरी पुरावा राहावा म्हणून बुंध्यालगतही खूण कोरण्याची रीत होती.

कनूवाल्यांना माझा सल्ला असा, की आरंभ तळ्याच्या काठावरील खुणांपासून करावा. सेक्शनची रेषा पाण्याला भिडते ती जागा वहीत साखळ्या-कड्यांत दिलेली असते, तेथे पाण्यातून पोहोचता येते, आणि वादळाने पाडलेल्या ओंडक्यांवरून मैलभर चढउतार करावा लागत नाही. अर्थात वसंतात फुटणाऱ्या बर्फाच्या रेट्याने काठावरचे दगड आणि खुंट सरकतात, आणि लाकूडतोडीच्या काळातील बंधाऱ्यांनी काही तळ्यांचे पाणी चढले होते. म्हणून खूण वहीत सांगितल्यापेक्षा काठापासून आत किंवा थेट पाण्यातही असू शकते. याच जागांना जोडून काढलेली वाकडी रेषा मात्र मालकीची हद्द समजू नये. ती जमिनीचे क्षेत्रफळ काढण्यापुरती असते; हद्द प्रत्यक्ष पाण्यापाशी राहते.

प्रश्न : साल थोडी सोलून आतील अक्षरे पाहिली तर चालेल का? (पुणे)

नाही. खणणेही नाही आणि पितळी टोपी घासून चकचकीत करणेही नाही. सरकारी मोजणीची खूण किंवा साक्षीचे झाड जाणूनबुजून नष्ट करणे, विद्रूप करणे किंवा हलवणे हा अमेरिकेच्या संघीय कायद्याखाली गुन्हा असून त्यासाठी दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. शिक्षा बाजूला ठेवली तरी, व्रण उघडणे हे पुरावा एकदाच वाचून कायमचा खर्च करण्यासारखे आहे, आणि तो अधिकार त्या कोपऱ्याची कायदेशीर खात्री करणाऱ्या मोजणीदाराचा आहे. या खुणांची गरज संपलेली नाही. मिनेसोटात १६ आणि ३६ क्रमांकाचे सेक्शन शाळांच्या निधीसाठी राखले गेले होते, आणि शालेय निधीची राज्याच्या मालकीची सुमारे ८० हजार एकर जमीन या अरण्यात विखुरलेली होती. तिची हद्द याच कोपऱ्यांवरून ठरते.

प्रश्न : आंतरराष्ट्रीय सीमेवरील स्तंभ पाहायचे आहेत. आम्ही नोकरीच्या व्हिसावर आहोत. पलीकडच्या बाजूला पाऊल पडले तर? (रोचेस्टर, मिनेसोटा)

ऑटरट्रॅक आणि स्वॉम्प या तळ्यांमधील मॉन्युमेंट पोर्टेजला तेथील सीमास्तंभांवरूनच नाव पडले आहे आणि पाहण्यासारखी जागा तीच. बाकी सीमा बहुतांश पाण्यातून जाते. पाण्यात खांब रोवता येत नसल्याने १९०८ च्या करारानंतरच्या मोजणीत काठांवर आणि बेटांवर संदर्भस्तंभ बसवून त्यांच्यापासूनच्या दिशा आणि अंतरांनी सीमेचे वळणबिंदू ठरवले गेले.

आपल्या शंकेचे उत्तर अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील १८४२ च्या वेबस्टर-ॲशबर्टन करारात आहे. लेक सुपीरियर ते लेक ऑफ द वुड्स या सीमेवरील जलमार्ग आणि नेहमीची पोर्टेजे दोन्ही देशांच्या नागरिकांना आणि प्रजाजनांना खुली राहतील, असे त्यात म्हटले आहे. भारतीय पारपत्रधारक त्या शब्दांत बसत नाही. तेव्हा इतर कनूवाले बिनघोर जातात म्हणून आपण जाऊ नये; निघण्यापूर्वी दोन्ही देशांच्या सीमा अधिकाऱ्यांकडून लेखी माहिती घ्यावी, आणि ती मिळेपर्यंत अमेरिकेच्या बाजूनेच समाधान मानावे.

प्रश्न : एका खडकावर बाण कोरलेली पितळी चकती सापडली, पण बाणाच्या दिशेने काही दिसले नाही. हिची नोंद कोठे करावी? (डुलूथ)

ही सेक्शनची खूण नव्हे. त्रिकोणमितीय मापनाच्या, म्हणजे दूरच्या बिंदूंमधील कोन मोजून जागा ठरवण्याच्या पद्धतीच्या, मुख्य स्थानकाजवळ अशा संदर्भचकत्या बसवत आणि बाण मुख्य चकतीकडे दाखवतो. मुख्य चकतीवर त्रिकोण असतो. ती बहुतेक शेवाळाखाली किंवा पालापाचोळ्याखाली असते; वरचा पाला हाताने हलकेच बाजूला करण्यास हरकत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय भूगणितीय सर्वेक्षण संस्थेच्या स्थानकपत्रात दोन्ही चकत्यांमधील अंतर दिलेले असते, ते आधी पाहावे.

चकतीवरील नाव आणि साल वाचता येईल असे एक छायाचित्र, आजूबाजूचा परिसर दाखवणारे दुसरे, अक्षांश-रेखांश आणि तारीख एवढे त्याच संस्थेच्या संकेतस्थळावर पाठवावे. सेक्शनच्या खुणा असल्यास काउंटीच्या मोजणी अधिकाऱ्याला किंवा हे अरण्य ज्यात येते त्या सुपीरियर राष्ट्रीय वनाच्या कार्यालयाला कळवावे. उखडून पडलेली टोपी दिसली तरी ती उचलून आणू नये आणि अंदाजाने परत रोवूही नये; पडली आहे तेथेच ठेवून तिचे छायाचित्र घ्यावे.