पोहणं जेमतेम येतं; क्लबबरोबर समुद्रात कयाक घेऊन कॅम्पिंगला जाऊ का?

तुम्ही लिहिलंय की सॅन होजेला राहता, ऑफिसमधल्या एकाने त्याच्या पॅडलिंग क्लबच्या टोमॅलेस बे या कॅलिफोर्नियातल्या खाडीच्या ट्रिपला बोलावलंय, शनिवारी कयाकने जायचं, किनाऱ्यावर तंबूत रात्र काढायची, रविवारी परत. पोहता जेमतेम येतं. जावं का?

जरूर जा. फक्त आधी क्लबच्या सरावाला जा आणि पाण्यात उलटं व्हायला शिका. ट्रिप त्यानंतर.

पॅडल मारणं अर्ध्या दिवसात हाताला बसतं. शिकायचं असतं ते बोट उलटल्यावरचं. समुद्रातली कयाक सोळा-सतरा फूट लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद असते. कमरेभोवतीचा स्प्रे स्कर्ट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा घेर, बोटीच्या बसायच्या भोकावर घट्ट बसवलेला असतो, त्यामुळे उलटलात की डोकं पाण्यात, पाय बोटीत असे लटकता. तेव्हा पुढे वाकायचं, स्कर्टच्या पुढच्या टोकाचा पट्टा चाचपायचा, तो आधी पुढे आणि मग वर ओढायचा आणि दोन्ही हातांनी बोट पुढे ढकलत पाय सोडवायचे. सगळं पाच-सहा सेकंदांत होतं. पहिल्या वेळी मला ते फार लांब वाटले, नाकातोंडात पाणी गेलं. चौथ्या वेळी मी पट्टा ओढण्याआधी डोळे उघडून बोटीचा तळ शांतपणे पाहिला, आणि त्या दिवसापासून माझी समुद्राची भीती बदलली. गेली नाही, कामाची झाली.

मग दुसरा कयाकवाला आडवा येतो, तुमच्या बोटीचं नाक स्वतःच्या डेकवर ओढून आतलं पाणी ओतून टाकतो, बोट सुलटी करून घट्ट धरतो आणि तुम्ही पोटावर सरपटत चढता. याला टी-रेस्क्यू म्हणतात. सराव असलेल्या दोघांना दोन-तीन मिनिटं पुरतात. पोहणं जेमतेम असलं तरी चालतं असं मी म्हणते ते याच भरवशावर, कारण लाइफ जॅकेट तरंगवतं आणि क्लब परत बसवतं. एकट्याने गेलात तर यातलं अर्धं गणित सुटत नाही.

गारठा मात्र हलक्यात घेऊ नका. बाहेरच्या समुद्राचं पाणी भर जुलैतही १२-१३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. खाडीच्या आतल्या टोकाला जरा उबदार. अशा पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटभरात श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, आणि पुढे हळूहळू बोटं काम करेनाशी होतात. म्हणून कपडे हवेकडे बघून घालायचे नाहीत, पाण्याकडे बघून घालायचे. ऊन कितीही असो, वेटसूट हवाच.

जागेबद्दल. टोमॅलेस बे ही साधारण २४ किलोमीटर लांब आणि दीडेक किलोमीटर रुंद अशी सरळसोट खाडी आहे. सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे भूकंप घडवणारी जमिनीतली भेग, तिच्याखालूनच जातो. पश्चिम किनारा पॉइंट रेयेस नॅशनल सीशोर या संरक्षित क्षेत्राचा, त्यामुळे तिथे रात्र काढायला परमिट लागतं. प्यायचं पाणी किनाऱ्यावर नाही, सगळं सोबत न्यायचं. शौचासाठीही झाकणाचा डबा न्यायचा आणि परत आणायचा. वाळूत खड्डा करणं चालत नाही. दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो, म्हणून सकाळीच निघायचं. आणि खाडीच्या तोंडाकडे जायचं नाही. तिथे लाटा फुटतात, ओहोटीची ओढ बाहेर नेते. क्लबमधली वीस-वीस वर्षं वल्हवणारी माणसंही तिथून मुकाट्याने मागे फिरताना मी पाहिली आहेत.

आता भरती, ज्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझं आजोळ हर्णैचं. तिथे घड्याळाआधी तिथी बघतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. आजोबांनी शिकवलेला हा हिशेब घेऊन मी जूनमधल्या अमावस्येला टोमॅलेसला गेले. दुपारची भरती कुठवर आली ते पाहिलं, त्या ओल्या रेघेच्या दोन हात वर तंबू लावला. वेळेत फारसा फरक पडला नाही. उंचीत पडला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. उन्हाळ्यात मोठी भरती रात्री येते, आणि ती दुपारच्या भरतीपेक्षा दोन-दोन फूट उंच असू शकते. आमच्या ट्रिप लीडरने माझा तंबू पाहिला, काही न बोलता मला वर नेलं आणि सुकलेल्या ईलग्रासची, म्हणजे पाण्याने वाहून आणलेल्या समुद्री गवताची, काळी ओळ दाखवली. रात्रीचं पाणी तिथवर येतं. आम्ही दोघींनी तंबू उचलला, आणि माझी कयाक वर ओढून झाडाला बांधली. मध्यरात्री उठून पाहिलं तर माझ्या आधीच्या जागी गुडघाभर पाणी होतं.

अमावस्येलाच का जायचं मग? कारण तेव्हाच पाणी चमकतं. पाण्यातले सूक्ष्म जीव हलवल्यावर निळसर उजेड देतात, आणि चंद्र असला की तो दिसत नाही. त्या रात्री पॅडल बुडवलं की पात्याभोवती उजेडाचा भोवरा, उचललं की थेंब ठिणग्यांसारखे. माझ्या बोटीखालून एक सील गेला. तो दिसला नाही, फक्त त्याच्या अंगाच्या आकाराची एक उजळ रेघ वळत वळत खोल गेली. आम्ही सात जण होतो, कुणीच बोललं नाही.

म्हणजे उजेड हवा तर उधाणाची रात्र पदरात घ्यावीच लागते. तुमच्यासाठी माझा सल्ला असा: उन्हाळाभर महिन्यातून दोनदा सरावाला जा, बोट विकत घेऊ नका, क्लबची किंवा भाड्याची वापरा. आणि पहिली रात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या अमावस्येची धरा, आपल्या सर्वपित्रीच्या आसपासची. तेव्हा दोन भरत्यांतला फरक कमी असतो, धुकं आणि वारा दोन्ही उतरलेले असतात. भरतीचं कोष्टक छापून घ्या, फोनला तिथे रेंज नसते. तंबू ईलग्रासच्या ओळीच्या वर लावा, आणि कयाक बांधल्याशिवाय झोपू नका.