हतनूरला शिडाची बोट न्यायची असेल तर केबिन नाही, काठ बघा

प्रश्न : भाऊ नमस्कार. मी फैजपूरकडचा, केळीवाला. मागे भोपाळला लग्नाला गेलो होतो तेव्हा बड्या तलावावर शिडाच्या बोटी बघितल्या आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. आपल्याकडे तापीवरच्या हतनूर धरणाचं एवढं पाणी, फुगवटा पार चांगदेवच्या संगमापर्यंत, आणि एक शीड दिसत नाही. मुंबईकडे एक जुनी १८ फुटी बोट विकायला आहे, छोटी केबिन, दोन माणसं आत झोपू शकतात, खाली पक्की कील म्हणजे तळाला कायमची बसवलेली जड फळी, ट्रेलरसकट. घरी बोलेरो आहे, ट्रॅक्टर आहे. मी, बायको आणि दोन मुलं, एक १४ चा एक ९ चा. घेऊन टाकू का? फोटो पाठवलाय.

उत्तर : दादा, फोटो बघितला, बोट देखणी आहे, तरी नका घेऊ. मुंबईत ती चालून जाते कारण तिथे एकदा पाण्यात सोडली की महिनोन्‌महिने बांधून ठेवता येते, तुम्हाला मात्र दर रविवारी घरून न्यायची, उतरवायची आणि संध्याकाळी परत चढवायची आहे. आता हिशोब करा. फोटोवरून कील अडीच फूट तरी दिसतेय, ट्रेलरवर कीलचा तळ जमिनीपासून दीडेक फूट वर बसतो, म्हणजे बोट तरंगायला ट्रेलरच्या चाकाशी चार फूट पाणी पाहिजे. काठाचा उतार दहाला एक धरला तर चाकं ४० फूट आत गेली, आणि धरणाच्या काठाला एवढा उतार तरी कुठे मिळतो सगळीकडे? हतनूर गाळाने भरत चाललंय हे तुम्हाला मी सांगायला नको. पाणी ओसरलं की मागे जो गाळ राहतो तो वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसतो आणि पाय दिला की गुडघाभर आत. बोलेरो रुतली की ट्रॅक्टर आणा, ट्रॅक्टर रुतला की जेसीबी आणा, गावाला फुकट तमाशा.

म्हणून तुम्हाला पक्की कील नकोच, सेंटरबोर्डवाली बोट पाहिजे. बोटीच्या पोटातल्या खाचेतून एक फळी खाली सोडलेली असते, वारा शिडाला बाजूने ढकलतो तेव्हा बोट आडवी घसरत जाऊ नये हे तिचं काम, आणि काठाशी आलात की दोर ओढून ती वर घ्यायची, मग वीतभर पाण्यातही बोट तरंगते. यातही दोन प्रकार आहेत. एक फळी सरळ वरखाली होते, तिला डॅगरबोर्ड म्हणतात, आणि दुसरी खिळीवर फिरते. आपल्या पाण्याला फिरणारीच घ्या. बुडीत क्षेत्रात खाली जुन्या विहिरींचे कठडे, झाडांचे खोड काय काय असतं, फिरणारी फळी आपटली तर आपोआप मागे उचलली जाते, सरळवाली आपटली की फळी तरी तुटते नाहीतर खाच तरी फाटते.

नावं सांगायची तर चौघांसाठी मला वेफेअरर सगळ्यात पटते. १९५७ मध्ये इयान प्रॉक्टर नावाच्या इंग्रज डिझायनरने काढलेली, लांबी ४.८२ मीटर म्हणजे पावणेसोळा फूट, नुसती बोट १६९ किलो, फळी वर घेतली की २० सेंटीमीटर पाणी पुरतं. आणि तुमचा खरा जीव ज्या केबिनमध्ये अडकलाय ना, तर ऐका, फ्रँक डाय नावाचा माणूस एका जोडीदाराला घेऊन हीच उघडी बोट स्कॉटलंडहून आइसलंडला घेऊन गेला, १९६३ साली. रात्री झोपायला बूमवर, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांडीवर, तंबूसारखं कापड टाकतात आणि खाली फळ्यांवर पथारी. चांगदेवच्या काठाला एक रात्र काढायला एवढं भरपूर झालं. आणि खरं सांगू का, एप्रिलमध्ये भुसावळकडच्या उकाड्यात फायबरच्या बंद केबिनमध्ये झोपून दाखवा मग आपण बोलू.

वेफेअरर आपल्याकडे शोधायला वेळ लागेल. मिळाली नाही तर जुनी एंटरप्राइझ बघा, निळ्या शिडाची, क्लबांमध्ये आणि सैन्याच्या सेलिंगमध्ये बरीच वर्षं चाललेली बोट आहे. १३ फूट, वजन ९०-९५ किलो, दोघं चांगले चालवतात, चौघं मात्र नाही बसणार, तुम्ही आणि मोठा आधी, मग बाकीचे. तेवढ्या वजनाची बोट चार माणसं हाताने उचलून गाळाच्या पलीकडे ठेवतात, हा फायदा लहान समजू नका.

एक गोष्ट आधीच मान्य करा, पक्की कील जड असते म्हणून ती बोट कलली तरी परत उभी राहते, या हलक्या बोटी उलटतात. म्हणून पहिल्याच दिवशी काठाजवळ छातीभर पाण्यात मुद्दाम उलटवायची, फळीवर उभं राहून सरळ करायची, पाणी उपसायचं, हे जमेपर्यंत पुढे जायचं नाही. लाइफ जॅकेट चौघांना, ९ वर्षाच्याला त्याच्या मापाचं, मोठ्याचं जॅकेट घालून पोरगं खालून निसटतं. जुनी बोट घेताना हवाबंद टाक्यांची झाकणं बघा, त्यांच्यावरच ती उलटल्यावर तरंगते. डेक आणि तळ बोटाच्या पेराने ठोकत जा, टणक आवाज बदबद झाला की आतला थर सुटलाय. सेंटरबोर्डच्या खाचेचे सांधे आणि डोलकाठी जिथे टेकते ती जागा बॅटरी मारून बघा. शीड नखाने खरवडा, उन्हाने कुजलेलं असेल तर दोरे निघतात. घरी आणल्यावर शीड पॅकिंग हाऊसमध्ये आढ्याला टांगा, खाली ठेवलंत तर उंदीर सोडणार नाहीत.

आता जिवाची गोष्ट. डोलकाठी ॲल्युमिनियमची असते आणि २०-२२ फूट उभी राहते. धरणाकडे जाणाऱ्या शेतरस्त्यांवर ११ केव्हीच्या तारा कशा लोंबलेल्या असतात ते तुम्ही रोज बघताय. डोलकाठी पाण्याच्या कडेला, वर बघूनच उभी करायची आणि काठी उभी असताना ट्रेलर एक फूटही हलवायचा नाही.

वाऱ्याचं म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी धरण भरलेलं असतं आणि वारा बहुतेक मंद, शिकायला हेच दिवस चांगले, फक्त वल्ही सोबत ठेवा, दुपारी वारा पडला की तीच कामाला येतात. मे-जूनमध्ये ज्या वावटळीने रावेर-यावलच्या केळी आडव्या होतात तिच्यात हलकी बोट टिकत नाही, आभाळ पश्चिमेला काळं दिसलं की शीड उतरवून काठ गाठा. पावसाळ्यात तर हतनूरचे ४१ दरवाजे कधी किती उघडतील सांगता येत नाही, त्या दिवसांत बोट शेडमध्येच. पाटबंधारे खात्याकडून लेखी परवानगी पैसे देण्याआधी काढा, नंतर नाही. मच्छीमार मंडळींशी पण आधी बोलून घ्या, जाळी कुठे लावलीत ते तेच सांगतील, आणि हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात त्या उथळ भागाकडे जाऊ नका.

प्रश्न : शहाद्याहून लिहितेय. मुलगी ११ वर्षांची, तिला सेलिंग शिकायचंय, प्रकाशा बॅरेजचं पाणी जवळ आहे. तिच्यासाठी बोट घेऊन द्यावी का?

उत्तर : ताई, बोट आत्ता नको, आधी पोहणं आणि मग रीतसर शिकणं. भोपाळच्या बड्या तलावावर नॅशनल सेलिंग स्कूल आहे, हैदराबादला हुसेनसागरवर मुलांना शिकवणारा क्लब आहे, सुट्टीत चौकशी करा. मुलांची बोट म्हणजे ऑप्टिमिस्ट, २.३ मीटर, ३५ किलो, एकच शीड, १५ वर्षांपर्यंतची मुलं हिच्यावरच शर्यती खेळतात. पिकअपमध्ये मावते, ट्रेलरची भानगड नाही. ती शिकून आली आणि तरी मागत असली तर जुनी घ्या, दोन वर्षांनी विकताही येईल. बॅरेजचं मात्र पाणी सोडायचं वेळापत्रक तिथल्या ऑफिसातून कळल्याशिवाय आणि सोबत दुसरी बोट असल्याशिवाय तिला एकटीला सोडू नका.

प्रश्न : धुळ्यात ओळखीचा फॅब्रिकेटर बोटीचा ट्रेलर स्वस्तात बनवून देतो म्हणतोय. चालेल?

उत्तर : आधी आरटीओत जाऊन विचारा, ट्रेलरचंही रजिस्ट्रेशन लागतं आणि ते नसेल तर सुरत-नागपूर हायवेवर पहिल्याच नाक्याला अडकाल. बनवून घेतलाच तर एक्सल अशा जागी बसवायला सांगा की भरलेल्या ट्रेलरचं ७ ते १० टक्के वजन पुढे हुकवर येईल. कमी आलं तर वेगात ट्रेलर मागे डुलायला लागतो आणि मग गाडी हातात राहत नाही. बोट खाली रोलरवर आणि बाजूच्या गादीवर नीट टेकली पाहिजे, नुसत्या दोन अँगलवर ठेवली तर खड्ड्याखड्ड्याला तळाला मार बसतो. आणि धरणावर पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. लांबून आल्यावर बेअरिंग तापलेले असतात, गार पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. अर्धा तास थांबा, तोवर डोलकाठीची दोरी-बिरी लावून घ्या, आणि घरी आलात की हबमध्ये ग्रीस भरा.