वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचा वॉटर पंप घरी बदलताना

प्रश्न : माझ्या पंचवीस वर्षे जुन्या पेट्रोल गाडीत दर आठवड्याला अंदाजे अर्धा लिटर कूलंट कमी होते. जमिनीवर डाग दिसत नाही; मात्र वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला पांढरट हिरवा, खरखरीत थर जमला आहे. एक मेकॅनिक पंप गेला असे म्हणतो, तर दुसरा हेड गॅस्केटकडे (इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधल्या सीलकडे) बोट दाखवतो. नेमके कसे ओळखावे?

उत्तर : आपण वर्णन केलेला थर पहिल्या मेकॅनिकच्या बाजूने साक्ष देतो. पंपाच्या ओतीव अंगात, बेअरिंग आणि सील यांच्या मधल्या जागेत, खालच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. सीलमधून निसटलेले पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर पडावे, एवढाच त्याचा हेतू. गरम इंजिनावर ते पाणी तिथल्या तिथे वाळते आणि कूलंटमधील द्रव्यांचा थर मागे उरतो, म्हणून जमीन कोरडी राहते. भोकाशी पुसट, वाळलेला डाग असेल तर घाबरण्याचे कारण नाही, कारण सीलच्या एकमेकींवर घासणाऱ्या चकत्यांमध्ये कूलंटचाच पातळ पदर वंगणाचे काम करतो आणि त्यातला अत्यल्प अंश बाहेर येतच असतो. थर जाड होऊ लागला किंवा थेंब धरू लागले, की सीलचे आयुष्य संपले असे समजावे. हे भोक सीलंटने बुजवून गळती थांबवल्याचे समाधान मानणारे लोक मी पाहिले आहेत. ते पाणी मग बेअरिंगमध्ये जाते, तेथील ग्रीस धुऊन काढते आणि शाफ्ट डगमगू लागतो. पंपावरच पंखा बसवलेला असेल, तर तो पुढे रेडिएटरमध्ये घुसण्याचीही शक्यता असते.

दुसरी परीक्षा हाताने करता येते. इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची ऋण तार काढावी, कारण काही गाड्यांत विजेचा पंखा चावी बंद असतानाही फिरू लागतो. नंतर पंपाची पुली वर आणि खाली धरून हलवून पाहावी. हाताला जाणवेल इतकीही खडखड असेल तर बेअरिंग झिजले आहे. बेल्ट काढून पुली फिरवताना वाळू चिरडल्यासारखे वाटले, तरी निर्णय तोच.

हेड गॅस्केटची लक्षणे निराळी असतात. बाहेर कोठेही खूण न ठेवता कूलंट कमी होणे, इंजिन तापल्यानंतरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे, थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होणे आणि रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येणे, यांपैकी काही दिसत असेल तर पंप बदलून उपयोग होणार नाही. शंका राहिलीच, तर रेडिएटरच्या तोंडावर हातपंपाचा दाबमापक बसवून झाकणावर छापलेल्या दाबाइतकाच दाब द्यावा आणि टॉर्च घेऊन पाणी कोठून येते ते पाहावे. अंदाजाने पंप विकत घेण्यापेक्षा ही वीस मिनिटे अधिक मोलाची आहेत.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीचा पंप फॅन बेल्टवर फिरणारा असून समोरच दिसतो. पाने, टॉर्क पाना आणि गाडीची सर्व्हिस पुस्तिका माझ्याकडे आहे. हे काम प्रथमच करणारा माणूस कोठे चुकतो?

उत्तर : पंप काढण्यात आणि बसवण्यात फारसा कोणी चुकत नाही. जुना पंप निघाल्यानंतर आणि नवा बसण्यापूर्वी जो कंटाळवाणा मधला काळ असतो, त्यात लोक घाई करतात आणि मग महिन्याभरात नव्या पंपाला दोष देतात.

इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे. शीतन यंत्रणेतील पाणी दाबाखाली असल्यामुळे 100 अंश सेल्सियसच्या वर जाऊनही उकळत नाही. साधारण 1 बार जादा दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू 120 अंशांच्या आसपास जातो. झाकण उघडताच तो दाब नाहीसा होतो, सगळे पाणी एकदम उसळते आणि तोंड भाजते. कूलंट स्वच्छ घमेल्यात काढून ते मोजून ठेवावे. या आकड्याचा उपयोग शेवटी होणार आहे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असल्यामुळे लहान मुले व पाळीव जनावरे यांच्यापासून ते झाकून ठेवावे. गटारात किंवा बागेत ते ओतू नये. वापरलेले तेल जमा करणारी बहुतेक गॅरेजेस तेही घेतात.

पुलीचे बोल्ट बेल्ट चढलेला असतानाच सैल करावेत, कारण बेल्ट पुलीला धरून ठेवतो. बेल्ट आधी उतरवला तर पान्याबरोबर पुलीही गरगर फिरते. रेडिएटरच्या जाळीसमोर पुठ्ठा उभा करावा, म्हणजे हातातून निसटलेला पाना पत्र्याच्या पाती वाकवणार नाही. पंख्याला व्हिस्कस क्लच (घट्ट द्रवाच्या साहाय्याने पंख्याला गती देणारा जोड) असेल तर त्याचा मोठा नट काही गाड्यांत उलट्या आट्यांचा असतो, तेव्हा पुस्तिका पाहिल्याखेरीज जोर लावू नये. काढलेला क्लच आडवा न टाकता उभाच ठेवावा.

पंपाचे बोल्ट बहुधा वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर पंपाची बाह्यरेषा काढून त्यावर जागच्या जागी भोके पाडावीत आणि निघेल तो बोल्ट त्याच्या भोकात खोचत जावा. लांब बोल्ट उथळ भोकात गेला तर तळाला टेकतो, घट्ट झाल्याचा भास होतो आणि जोर वाढवल्यास ओतीव भाग तडकतो. आखूड बोल्ट खोल भोकात गेला तर दोन-चार आट्यांवरच लटकतो आणि ते आटे उपटून काढतो. बोल्ट सैल करण्यापूर्वी तो केसभर आवळून पाहावा. गंजाची पकड तुटण्यास ते पुरेसे होते, आणि चुकीच्या दिशेने हा एवढाच जोर क्षम्य आहे. सगळे बोल्ट निघाल्यावरही पंप चिकटून राहिला, तर लाकडी हातोड्याने बाजूने ठोके द्यावेत. स्क्रूड्रायव्हर फटीत घालून उचकटल्यास ॲल्युमिनियमवर खाच पडते आणि तीच पुढे गळतीची वाट बनते.

आता जुना व नवा पंप शेजारी ठेवून बोल्टची भोके, बसणीपासून (पंप इंजिनाला जिथे टेकतो त्या सपाट भागापासून) पुलीपर्यंतची उंची, इम्पेलरचा (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाचा) व्यास आणि त्याच्या पात्यांचा वळसा तपासावा. शेवटची गोष्ट सर्वांत फसवी आहे. एकाच घराण्यातील इंजिनांत बेल्टची मांडणी बदलली की पंप उलट दिशेने फिरतो. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन पंपांची पाती त्यामुळे विरुद्ध बाजूंना वळलेली असू शकतात. असा पंप गळत नाही, आवाज करत नाही, फक्त पाणी धड ढकलत नाही. जुन्या पंपाचा इम्पेलरही नीट पाहावा. त्याची पाती गंजून नखाएवढी उरली असतील, तर तीच अवस्था ब्लॉकच्या आतही असणार, आणि मग नुसता पंप बदलून न थांबता गाळ निघेपर्यंत यंत्रणा धुऊन घ्यावी लागेल.

माझ्या मते एकूण वेळेपैकी निम्मा वेळ इंजिनावरची बसण साफ करण्यास द्यावा. आतील वाटेत फडक्याचा बोळा कोंबून जुन्या गॅस्केटचा कण न् कण प्लास्टिकच्या किंवा पितळी खरवडणीने काढावा. ड्रिलला लावायच्या घासणाऱ्या चकत्या वापरू नयेत. त्या मऊ धातूत खळगे पाडतात आणि त्यांची कठीण पूड पाण्याच्या वाटेत शिरून नव्या सीलवर जाते. बोट फिरवल्यावर काहीही लागत नाही आणि सरळ पट्टी आडवी धरल्यावर खालून उजेड दिसत नाही, तेव्हाच पुढे जावे.

गॅस्केट कागदी असेल तर सीलंटचा अगदी पातळ हात पुरतो. काही उत्पादक तोही नको म्हणतात, तेव्हा सोबतचा कागद वाचावा. रबरी रिंग असेल तर सीलंट मुळीच लावू नये, रिंगेला थोडे कूलंट चोळावे. मी स्वतः पहिला पंप बसवला तेव्हा दात घासायच्या पेस्टसारखी सीलंटची जाड वळी फिरवली होती. बाहेर दिसणारी कडा मी फडक्याने पुसून टाकली आणि तेवढीच आतही आली असेल हे माझ्या ध्यानातच आले नाही. काही आठवड्यांनी हीटर थंड पडला तेव्हा त्याच्या नळीतून त्या सीलंटची दोरी ओढून काढावी लागली.

काही इंजिनांत पंपाचे एक-दोन बोल्ट थेट पाण्याच्या पोकळीत उघडतात. अशा बोल्टच्या आट्यांना सीलंट लावले नाही, तर पाणी आट्यांवरून चढत बोल्टच्या माथ्याशी झिरपते आणि लोक विनाकारण गॅस्केट बदलत बसतात. आवळताना समोरासमोरचे बोल्ट घेत दोन-तीन फेऱ्यांत घट्ट करावेत. ॲल्युमिनियममधील 6 मिलिमीटरच्या बोल्टला साधारणपणे 8 ते 10 न्यूटन-मीटर आणि 8 मिलिमीटरच्या बोल्टला 20 ते 25 न्यूटन-मीटर पुरतात, पण पुस्तिकेतील आकडा वेगळा असेल तर तोच खरा. बेल्टच्या सर्वांत लांब पट्ट्याच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर तो 10 ते 13 मिलिमीटर आत जावा. किरकिर नको म्हणून बेल्ट तारेसारखा ताणला, तर तो भार नव्या बेअरिंगवरच पडतो.

पंप आणि सिलिंडर हेड यांच्यामध्ये बोटभर लांबीचा बायपास होज असेल, तर तो याच वेळी बदलावा. पंप जागेवर बसल्यानंतर तो चढवण्याचा प्रयत्न ज्यांनी केला आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

प्रश्न : पंप काढताना एक बोल्ट तुटला. त्याचा सुमारे एक सेंटिमीटर भाग ब्लॉकबाहेर राहिला आहे. पुढे काय करावे?

उत्तर : बाहेर काही राहिले आहे, हे नशीब समजावे. गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर थांबावे. नंतर बोल्ट नव्हे, तर त्याच्या भोवतीचा ब्लॉक गरम करावा. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर तो पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो आणि पकड सैल होते. त्यापूर्वी सांडलेले तेल पुसावे आणि जवळपास पेट्रोलची नळी नाही याची खात्री करावी. मग लॉकिंग पकडीने बोल्ट थोडा पुढे, थोडा मागे असा हलवत आणावा. हा उपाय फसल्यास त्या टोकावर नट वेल्ड करून घेणे उत्तम, कारण वेल्डिंगची उष्णताच अर्धे काम करते. बोल्टमध्ये भोक पाडून घालायचे एक्स्ट्रॅक्टर मी शेवटी ठेवतो. ते कडक व ठिसूळ पोलादाचे असतात, आत मोडले तर साधे ड्रिल त्यांना चावत नाही आणि मग काम लेथ-मशीनवाल्याकडेच जाते.

प्रश्न : नवा पंप बसवल्यावर तापमानाचा काटा वर जातो आणि हीटरमधून मात्र थंड हवा येते. पंप सदोष निघाला का?

उत्तर : बहुधा नाही, आत हवा अडकली आहे. हा पंप पाण्याला फेकून ढकलतो, हवेला त्याला फेकता येत नाही. इम्पेलरपाशी बुडबुडा आला की प्रवाह खुंटतो आणि हीटर बहुधा उंचावर असल्यामुळे हवा तेथेच साठते. काढताना मोजलेले कूलंट आता आठवावे. 6 लिटर निघाले आणि 4 लिटरच भरले गेले असेल, तर बाकीच्या जागेत काय आहे ते उघड आहे.

इंजिन थंड झाल्यावर गाडीचे तोंड चढावर करून हँडब्रेक ओढावा, चाकांना अडण लावावी आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवावा. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून कूलंट सावकाश भरावे आणि स्क्रूतून सलग धार आली की तो बंद करावा. झाकण उघडे ठेवून इंजिन मंद गतीवर चालवावे. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट उघडणारी झडप, बहुधा 82 ते 88 अंशांच्या दरम्यान उघडतो; त्या वेळी वरचा होज पाइप एकदम गरम होतो आणि पातळी खाली जाते. तेवढी भर घालून झाकण लावावे आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात पातळी पुन्हा पाहावी. हे सर्व करूनही काटा चढत असेल, तर थर्मोस्टॅट उलटा बसला नाही ना ते तपासावे. त्याची मेणाची कुपी आणि स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला असावी लागते.

प्रश्न : जुन्या गाडीत साधे पाणी चालेल का? आणि हिरवे कूलंट घ्यावे की नारिंगी?

उत्तर : साध्या पाण्यात गंजरोधक नसते आणि जड पाण्यातील क्षार गरम भागावर थर धरतात, तेव्हा निकडीच्या प्रवासापुरतेच ते वापरावे. एरवी डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घ्यावे. हे मिश्रण उणे 35 अंशांच्याही खालपर्यंत गोठत नाही. रंगावर विसंबू नये, कारण रंगाला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. तांब्या-पितळेचा, डाग देऊन जोडलेला रेडिएटर असेल, तर अशा जुन्या धातूंसाठी योग्य असल्याचे डब्यावर लिहिलेलेच कूलंट घ्यावे आणि ते साधारण दोन वर्षांनी बदलावे.

प्रश्न : माझ्या गाडीचा पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तोही घरी बदलावा का?

उत्तर : टायमिंग बेल्ट (क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) यापूर्वी कधीच बदलला नसेल, तर शिकायला हे इंजिन निवडू नये. बऱ्याच इंजिनांत बेल्ट चुकीचा बसला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. अनुभव असल्यास पंप, बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) एकदमच बदलावेत, कारण तिन्हींसाठी तेवढेच उघडावे लागते आणि गळक्या पंपाने भिजलेला बेल्ट पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही. सर्व बसवून झाल्यावर क्रँकशाफ्ट पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवाव्यात. फिरवताना मध्येच काही कठीण लागले, तर जोर न लावता थांबावे, आणि खूण एका दात्यानेही चुकली असेल तर बेल्ट उतरवून पुन्हा बसवावा. स्टार्टर मारून पाहू नये.