व्हायरॉइडवर कुठलं औषध फवारायचं?

तुमचा प्रश्न असा की टोमॅटोची झाडं खुजी राहिली, शेंड्याची पानं आकसून पिवळी पडली, लॅबने रिपोर्टवर 'व्हायरॉइड' लिहिलं, तर हा व्हायरसच ना आणि फवारणी कशाची करायची. फवारायला काहीच नाही हो. हे लिहिताना मलाही वाईट वाटतंय, पण उगाच चार बाटल्या आणून खर्च करू नका.

आणि हा व्हायरस नाही. व्हायरसला निदान प्रोटीनचं कवच असतं, स्वतःचे थोडे जीन्स असतात. व्हायरॉइड म्हणजे आरएनएची (पेशीत जीनचा निरोप वाहणाऱ्या रेणूची) नुसती एक उघडी गोल साखळी, बास. बटाटा आणि टोमॅटोवर येणाऱ्या स्पिंडल ट्यूबर व्हायरॉइडची साखळी साधारण 359 अक्षरांची (आरएनएच्या एकेका कडीला अक्षर म्हणतात), म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय तो परिच्छेदसुद्धा त्याच्याहून मोठा भरेल. त्यात एकाही प्रोटीनची कृती लिहिलेली नाही. तो पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि झाडाचंच एन्झाइम, जे एरवी डीएनए वाचतं, त्याच्याकडून स्वतःच्या कॉप्या काढून घेतो. आता औषध मारणार कशावर? त्याचं स्वतःचं असं काही यंत्रच नाही, जे आहे ते सगळं झाडाचं, ते बंद पाडलं तर झाडच मरेल.

हे शोधणारे थिओडोर डीनर, अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात होते. बटाटे चातीसारखे लांबुळके होणारा हा रोग 1920 च्या दशकापासून माहीत होता आणि सगळे त्याला व्हायरसच समजत होते, पण डीनरना सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून जड कण तळाशी बसवणाऱ्या यंत्रात) तो व्हायरससारखा खाली बसेचना, प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमने काही फरक पडेना, आरएनए तोडणारं घातलं की मात्र संसर्ग संपायचा. 1971 मध्ये त्यांनी व्हायरॉइड हे नाव दिलं. 1978 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी त्याची अख्खी साखळी वाचून काढली.

प्रोटीनच नाही तर रोग होतो कसा, हा मला यातला सगळ्यात विलक्षण भाग वाटतो. परका आरएनए दिसला की झाड त्याचे बारीक तुकडे करतं, हा त्याचा बचाव. पण एखादा तुकडा चुकून झाडाच्याच जीनशी जुळतो आणि मग झाड स्वतःचाच जीन गप्प करतं. पीचच्या एका व्हायरॉइडमध्ये पानं पांढरी पडतात ती अशीच, हे 2012 मध्ये दाखवलं गेलं. सगळ्याच व्हायरॉइडचं असंच असतं असं नाही.

नुकसान म्हणाल तर फिलिपाइन्समध्ये कडांग-कडांग रोगाने नारळाची 4 कोटींहून जास्त झाडं गेलीत, आणि त्या व्हायरॉइडची साखळी 246 अक्षरांची.

आता तुमच्या कामाचं. रोगट झाडं आणि त्यांना लागून असलेली, दिसायला चांगली असली तरी, उपटून नष्ट करा, त्यांचं बी अजिबात धरू नका कारण हा बियातून जातो. बऱ्याच देशांत हा कळवायलाच लागणारा रोग आहे, तेव्हा कृषी विभागाला सांगा. पसरतो तो मुख्यतः हातांनी, कात्रीने, पानाला पान घासून. कात्री ब्लीचच्या द्रावणात बुडवा, नुसतं स्पिरिट पुसून भागत नाही, आणि चाकू ज्योतीवर धरण्यावरही भरवसा ठेवू नका. बटाट्याचं बेणं किंवा कलमं आणत असाल तर जास्तच जपा, कारण मातृवृक्ष वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो. संत्रावर्गातला एक्सोकॉर्टिस हा व्हायरॉइडचा रोग तसाच, डोळा काढलेलं झाड हिरवंगार आणि ट्रायफोलिएट (तीन-तीन पानांच्या संत्रावर्गीय जातीच्या) खुंटावर डोळा भरला की काही वर्षांनी खुंटाची साल फुटून सुटायला लागते.

माणसाला व्हायरॉइडमुळे रोग होतो असं आढळलेलं नाही, फळं खाल्ली म्हणून घाबरू नका.

आणि एक, हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगतेय. टेस्टिंगच्या कामात नवी असताना मी एका लॉटची फक्त एलायझा ही चाचणी केली आणि सगळं निगेटिव्ह म्हणून कळवलं. एलायझा प्रोटीन पकडते, व्हायरॉइडमध्ये ते नसतंच, मग पॉझिटिव्ह येणार कुठून! तो लॉट लागवडीला गेला, ते अजून मनातून जात नाही. त्यामुळे पुढची रोपं घेताना 'व्हायरस-फ्री' एवढ्यावर थांबू नका, मातृवृक्षांची व्हायरॉइडसाठी आरटी-पीसीआर (थेट आरएनए पकडणारी चाचणी) झालीय का आणि कधी झालीय, ते विचारून रिपोर्ट बघायला मागा.