दोन फुटांवर जुनी खापरं, सहा फुटांवर चिनी माती: असं उलटं कसं?

तुमचा प्रश्न असा: गोवा वेल्ह्याच्या बाजूला, झुआरी नदीच्या काठाजवळच्या भाटात (माडांच्या बागेत) घराच्या पायासाठी खणताना दोन फुटांवर जाड, खरखरीत जुनी खापरं लागली आणि सहा फुटांवर निळ्या नक्षीचे चिनी मातीचे तुकडे. जुनं खाली आणि नवं वर असायला हवं ना? मग उत्खनन करणारे अशा जागेचा उलगडा करतात तरी कसा?

बहुतेक तुम्ही एका जुन्या खड्ड्याच्या पोटात खणताय आणि ते तुमच्या लक्षात आलेलं नाही. पोर्तुगीज अमदानीत कुणी तिथे विहीर किंवा कचऱ्याचा खड्डा मारला असेल. खणताना त्याआधीच्या वस्तीची माती खापरांसकट वर आली आणि काठावर पसरली. नंतर वर्षानुवर्षं खड्ड्यात घरातला फुटका माल पडत गेला आणि शेवटी काठावरची ती जुनी माती वरून आत ओढली गेली. म्हणून नवा तुकडा तळाशी आणि जुनं खापर वर. माड लावायचे मीटरभर खोल खड्डेही हेच करतात, आणि बांधासाठी किंवा जोत्यासाठी दुसरीकडून आणलेला भराव तर गावभरची खापरं एकत्र करतो. अशा जागी नुसत्या खोलीवरून काळ सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

म्हणून उत्खननात खरी मेहनत खणण्यापेक्षा खड्ड्यांच्या कडा शोधण्यात जाते. आपल्याकडची रूढ पद्धत म्हणजे ५ × ५ मीटरचे चौकोन आखायचे आणि दोन चौकोनांच्या मधे मीटरभर रुंद मातीची भिंत न खणता सोडायची. भारतात ही शिस्त ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी रुजवली. ते १९४४ ते १९४८ या काळात पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. मधली भिंत येण्या-जाण्यासाठी सोडलेली नसते. तिच्या उभ्या बाजूवर सगळे थर कापलेल्या केकसारखे दिसतात आणि खड्डा नेमका कोणत्या थरातून खाली उतरलाय ते तिथेच वाचता येतं. प्रत्येक माप एका पक्क्या खुणेपासून, लेव्हल यंत्र लावून घ्यायचं. ‘जमिनीपासून दोन फूट’ या मापाला अर्थ नाही, कारण भाटाची जमीन उतरती असते आणि या टोकाचे दोन फूट त्या टोकाला साडेतीन होतात.

आपली तांबडी माती इथे फार त्रास देते. उन्हात वाळली की मूळ जमीन, भराव आणि खड्ड्यातली माती सगळी एकाच विटकरी रंगाची दिसते. उपाय साधा आहे. तळ थापीने खरवडून सपाट करायचा, झाडांना औषध मारायच्या पंपाने अगदी बारीक पाणी फवारायचं आणि थांबायचं. खड्ड्यातली माती भुसभुशीत असल्याने ती वेगळ्या गतीने वाळते, आणि काही मिनिटांपुरती कड उमटते. तेवढ्यात थापीच्या टोकाने ती ओरखडून घ्यायची. हे काम सकाळच्या तिरप्या उन्हात करावं, डोक्यावरच्या उन्हात काही दिसत नाही.

कड सापडली की नियम एकच: शेवटी आलेलं आधी काढायचं. म्हणजे आधी खड्डा पूर्ण रिकामा करायचा, त्याला स्वतंत्र क्रमांक, स्वतंत्र पिशव्या, आणि मगच आजूबाजूचा थर. घाईत सरसकट दहा-दहा सेंटिमीटर खाली जात राहिलं की खड्ड्यातलं आणि थरातलं एकाच पिशवीत पडतं. मग प्रयोगशाळेत कितीही डोकं आपटा, ते वेगळं होत नाही. घुशीची बिळं आणि खाजनाकडेला (खाडीकाठच्या खाऱ्या शेतांच्या कडेला) कुर्ल्यांची बिळं हेही छोटे खड्डेच. मीटर-दीड मीटर खाली सोडाबाटलीचं झाकण मिळालं तर आधी बीळ शोधा, इतिहास नंतर.

भिंत लागली तर चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) विसंबू नका. चिरा पोर्तुगीजांच्या आधीच्या कदंब राजांनी वापरला, पोर्तुगीजांनी वापरला आणि तुमच्या शेजाऱ्याने परवा वापरला. जुन्या भिंतीचे चिरे काढून नव्यात बसवणं तर सर्रास होतं. भिंतीचा काळ ठरतो तो तिच्या पायाच्या चरातल्या मातीवरून. त्या चरात जी सर्वांत अलीकडची वस्तू सापडेल, तिच्या आधीची ती भिंत असू शकत नाही. इथे मंगळुरी कौलाचा बारीकसा तुकडाही सोन्याच्या मोलाचा, कारण या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला १८६५ मध्ये काढला. पायाच्या चरात तो तुकडा असेल तर भिंत त्यानंतरचीच. चिनी मातीबाबत आणखी जपून. चांगली बशी घरात तीन पिढ्या जपतात, म्हणून ती ‘याच्या आधी नाही’ एवढंच सांगते, ‘याच वर्षी’ नाही.

कधी काळ फुकटात मिळतो. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या देवळाचं घुमटाकार छत १८४२ मध्ये कोसळलं आणि दर्शनी भाग व अर्धा मनोरा १९३१ मध्ये. अशा ढिगाऱ्याच्या थराखाली जे न हललेलं सापडतं ते त्या सालाआधीचं, यात शंका नसते. अट एकच, मधे कुणी चिरे पळवायला खणलेलं नसावं. इथे तीच अट सहसा मोडलेली असते.

कोळशाचं कार्बन-१४ (त्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणं) करून घ्या असं कुणी सुचवेल. जुन्या थरांसाठी जरूर करा, पण १६५० नंतरच्या काळात ती मोजणी जवळपास निरुपयोगी, कारण कालमापनाचा आलेखच तिथे हेलकावे खातो आणि एका नमुन्याला दोन-तीन शतकांत कुठलंही साल बसतं. शिंपल्यांवर तर आणखी जपून. समुद्रातला कार्बन मुळात ‘जुना’ असतो, त्यामुळे शिंपला आपल्या खऱ्या वयापेक्षा काही शतकं म्हातारा दिसतो.

शिंपले फेकू मात्र नका. लाल माती आम्लधर्मी असते, हाडं त्यात विरघळून जातात. तिसऱ्या-खुब्यांचा ढीग किंवा चुन्याची गच्ची असेल तिथे आम्ल मारलं जातं आणि माशाचा काटासुद्धा टिकतो. म्हणून शिंपल्यांच्या थरातली माती ५ मिलिमीटरच्या चाळणीवर थांबवायची नाही. तिचे वीस-तीस लिटर पाण्यात ढवळून वर तरंगणारं कापडात गाळायचं. भाताचे जळके दाणे त्यातच येतात.

पाणी आणि मीठ ही किनाऱ्याची दोन दुखणी. नदीकाठी भरतीला ट्रेंचचा (खणलेल्या चौकोनाचा) तळ ओला होतो. कोपऱ्यात दोन हात लांब-रुंद खळगा करून पाणी तिथे गोळा करायचं आणि तिथूनच उपसायचं, नाहीतर तळाचा सगळा चिखल होतो आणि कडा पुसल्या जातात. वाळूच्या जागी दीड मीटरच्या खाली सरळ कड ठेवणं म्हणजे माणसं गाडून घेणं. पायऱ्या-पायऱ्यांनी रुंद करतच खाली जायचं. काम नोव्हेंबर ते मे. जूनच्या पहिल्या सरीत मधल्या भिंती बसतात आणि त्यांच्याबरोबर न काढलेले नकाशेही, म्हणून छेदाचं (त्या उभ्या बाजूवरच्या थरांचं) चित्र ‘उद्या काढू’ म्हणू नये.

मिठाने खापरांवर काय होतं ते महिन्याभरात दिसतं: पृष्ठभागाला पांढरी बुरशी आल्यासारखी वाटते आणि पापुद्रे सुटतात. ती खापरं गोड्या पाण्यात बुडवून पाणी बदलत राहायचं, काही आठवडे. खाऱ्या, ओल्या मातीतलं लोखंड बाहेर काढून वाळवलं तर फुटू शकतं. ते ओलंच ठेवून जतन करणाऱ्याच्या हाती द्यायचं.

आता तुमच्या खड्ड्याचं. तो मोठा करू नका, तुकडे धुऊ नका. उभी कड थापीने साफ करा, शेजारी मीटरपट्टी धरून चारही बाजूंचे फोटो घ्या आणि कोणता तुकडा कोणत्या बाजूला किती खाली होता ते पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून ती तुकड्यांच्या वेगवेगळ्या पिशव्यांत टाका (बॉलपेन दमटपणात पुसतं). मग पणजीच्या राज्य पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा. परवान्याशिवाय शोधासाठी पुढे खणायला जाऊ नका. नाणी किंवा दागिने लागले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे १० रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्याला कळवावंच लागतं. खात्याचा माणूस येईपर्यंत खड्ड्याच्या कडांना ओलं गोणपाट लावून ठेवा. प्लास्टिक नको, आत घाम धरून कड सुटते.